बाटलीत कण आहेत की नाहीत?



खताच्या दुकानात गेल्या काही हंगामांपासून नवी रीत पडली आहे. युरियाची दोन पोती मागितली की दुकानदार पोत्यावर एक छोटी बाटली ठेवतो. बाटली नको म्हटले तर पोतेही मिळत नाही. दुकानदार म्हणतो, वरून माल असाच येतो, मी काय करू? वरचे म्हणतात, आम्ही सक्ती केलेलीच नाही. सक्ती कोणीच करत नाही, आणि बाटल्या मात्र घरोघरच्या कोनाड्यात साठत चालल्या आहेत.

बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले असते 'नॅनो'. शब्द नवा, झोकदार आणि विज्ञानाचा. शेतकऱ्याने विज्ञानाला कधी पाठ दाखवलेली नाही. संकरित ज्वारी आली, ती आपण पेरली. बीटी कपाशी आली, तेव्हा तर सरकारच्या परवानगीची वाट न पाहता गुजरातच्या शेतकऱ्यांनी ती लावली, आणि २००१ साली ते पीक नष्ट करण्याचा हुकूम निघाला तेव्हा शेतकरी आडवा झाला. पुढल्याच वर्षी, २००२ साली, सरकारला बीटी कपाशीला मान्यता द्यावी लागली. तेव्हा आम्हाला कोणी तंत्रज्ञानाचे वैरी म्हणू नये. पण ते बियाणे शेतकऱ्याने मागून घेतले होते, कोणी त्याच्या पोत्याला बांधून दिले नव्हते. जी चीज बांधून द्यावी लागते, तिची उलटतपासणी करण्याचा आपला हक्क आहे.

आधी नत्राचा हिशेब

उलटतपासणीला विद्यापीठात जावे लागत नाही. गणित चौथीच्या पोराला जमेल असे आहे.

इफ्कोने ३१ मे २०२१ रोजी नॅनो युरियाची घोषणा केली. बाटली ५०० मिलिलिटरची, किंमत २४० रुपये, नत्र ४ टक्के. ही एक बाटली युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची बरोबरी करते, असा प्रचार झाला. आता मांडा. ५०० मिलिलिटरात ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र. पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम नत्र. एकीकडे ग्रॅम, दुसरीकडे किलो. फरक हजारपटीचा.

यावर उत्तर मिळते की जमिनीत टाकलेला युरिया निम्मा वाया जातो, पानावर मारलेले मात्र थेट लागू पडते. वाया जातो हे खरे आहे. धरून चाला की निम्मा वाया गेला. तरी दहा किलो उरले. दहा किलोचे काम वीस ग्रॅम कसे करणार? २०२४ मध्ये जास्त नत्राची नवी बाटली आली. ती २० टक्क्यांची धरली तरी अर्ध्या लिटरात १०० ग्रॅम नत्र होते. किलो अजून दूरच आहे.

पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले. नत्राची मात्रा निम्मी केली आणि वर नॅनो युरिया फवारला. भाताचे उत्पन्न १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोघांनी 'प्लांट अँड सॉइल' या नियतकालिकात बाटलीमागच्या दाव्यांना शास्त्राचा आधार नाही असे सविस्तर लिहिले. कंपनीला हे मान्य नाही. वाद चालू आहे. तो चालू द्या. आज आम्हाला त्याच्या पुढचा प्रश्न मांडायचा आहे, जो पैशाचा नाही, छातीचा आणि काळजाचा आहे.

बारीक झाले की स्वभाव बदलतो

नॅनो म्हणजे काय? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. साधारण १०० नॅनोमीटरच्या आतले ते नॅनो, असे धरले जाते. नॅनो युरियाचे कण २० ते ५० नॅनोमीटरचे असल्याचे सांगितले जाते.

पदार्थ तोच, पण कण बारीक झाला की त्याचा स्वभाव बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अंगणात ज्वारी वाळत घातली तर कोणाला खोकला येत नाही. तीच ज्वारी गिरणीत दळली की गिरणीवाला दिवसभर नाकाला फडके बांधून असतो. झाडावरचा कापूस कोणाचे काही बिघडवत नाही. तोच कापूस सूतगिरणीत पिंजला की त्याची बारीक धूळ कामगाराच्या छातीत बसते आणि पुढे दम लागतो. खडा मीठ पाण्यात सावकाश विरघळते, बारीक मीठ टाकताच विरघळते. कण जितका बारीक, तितके त्याचे अंग उघडे आणि तितका तो झपाट्याने काम करणार.

नॅनोवाले हाच तर गुण सांगून बाटली विकतात. कण बारीक आहे म्हणून पानाच्या छिद्रातून आत शिरतो, म्हणतात. बरोबर आहे. मग पानात शिरणारा कण फवारणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाच्या दारात थांबणार आहे काय? गुण सांगताना कण नॅनो, आणि धोका विचारला की तोच कण साधा, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही.

उंदरांनी काय दाखवले

या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत तीस-पस्तीस वर्षे काम चालू आहे. त्यातले काही प्रयोग शेतकऱ्याने माहीत करून घ्यावेत असे आहेत.

पहिला तांब्याचा. तांबे आपल्या ओळखीचे, मोरचुदातून आणि बुरशीनाशकातून आपण ते वापरत आलो. २००६ साली चिनी शास्त्रज्ञांनी उंदरांना तांब्याची पूड पाजली. एका गटाला साध्या मोठ्या कणांची, दुसऱ्याला नॅनो कणांची. ज्या मात्रेत निम्मे उंदीर मरतात ती मात्रा काढली. मोठ्या कणांच्या बाबतीत ती उंदराच्या वजनाच्या किलोमागे ५,००० मिलिग्रॅमच्याही वर गेली, म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी. नॅनो कणांच्या बाबतीत ती ४१३ मिलिग्रॅमवर आली. धातू तोच, फक्त कण बारीक. उंदीर चिरून पाहिले तेव्हा मूत्रपिंड, यकृत आणि पाणथरी यांना इजा झालेली दिसली. बारीक कण जठरातल्या आम्लात झपाट्याने विरघळले आणि शरीराला ते तांबे आवरता आले नाही.

दुसरा फुप्फुसाचा. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत टिटॅनियम डायऑक्साइड हा पदार्थ घेतला. रंगातला हा पांढरा पदार्थ आजवर अगदी गरीब समजला जात होता. २० नॅनोमीटरचे आणि २५० नॅनोमीटरचे असे दोन प्रकारचे कण तीन महिने उंदरांना हुंगवले. वजन जवळपास सारखे असूनही बारीक कणांनी फुप्फुसात जास्त दाह केला, ते फुप्फुसाच्या भिंतीत शिरून राहिले आणि बाहेर पडायला जास्त वेळ लागला. याच गटाने २००४ मध्ये दाखवले की नाकातून ओढलेले कोळशाचे अतिबारीक कण उंदराच्या मेंदूत वास घेणाऱ्या भागापर्यंत पोहोचतात. नाकातून मेंदूकडे जाणारी नस हीच त्यांची पायवाट असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तिसरा चांदीचा. कोरियात उंदरांना ९० दिवस नॅनो चांदी खाऊ घातली. मात्रा वाढली तशी यकृतात इजेची लक्षणे दिसली. आणि मादीच्या मूत्रपिंडात नराच्या दुपटीने चांदी साठली. असे का, याचे पक्के उत्तर नव्हते. पण केवळ नरावर चाचणी करून 'सुरक्षित' असा शिक्का मारणे कसे फसवे असते, ते यातून कळते. निंदणीला, खत द्यायला आणि वेचणीला वावरात कोण असते, ते आपल्या मायबहिणींना सांगायला नको.

चौथा कार्बनच्या नॅनो नळ्यांचा. २००८ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी लांब नळ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा अॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी व्हावा तसाच दाह आणि गाठी झाल्या. आखूड आणि गुंता झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही. म्हणजे नुसता पदार्थ पाहून भागत नाही, आकार आणि घडणही पाहावी लागते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा नळ्यांच्या एका प्रकाराला माणसात कर्करोग करू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांच्या यादीत घातले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

हे वाचून कोणी घाबरू नये, आणि कोणी घाबरवूही नये. घाबरवणे हा पुढाऱ्यांचा धंदा आहे, आपला नव्हे.

प्रयोगशाळेत उंदराला देतात ती मात्रा मुद्दाम मोठी असते. वर सांगितलेली ४१३ मिलिग्रॅमची मात्रा साठ किलोच्या माणसाला सरळ गुणून लावली तर पंचवीस ग्रॅम तांबे होते. तेवढे कोणी फवारताना गिळत नाही, आणि उंदराचा हिशेब माणसाला असा सरळ लागतही नाही. टिटॅनियमचे बारीक कण दोन वर्षे हुंगवल्यावर मोठ्या जातीच्या उंदरांच्या फुप्फुसात गाठी झाल्या, लहान जातीच्या उंदरांत तशा वाढलेल्या दिसल्या नाहीत. दोन जातींचे उंदीरच जर एकमेकांसारखे नाहीत, तर माणूस तर वेगळाच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. युरिया म्हणजे तांबे नव्हे, चांदी नव्हे. युरिया पाण्यात विरघळतो आणि आपल्या शरीरातही तो रोज तयार होतो. वरच्या कोणत्याही प्रयोगावरून नॅनो युरियाने कोणाचे यकृत बिघडले असे म्हणता येत नाही, आणि आम्ही तसे म्हणत नाही. पण रांग युरियापाशी थांबलेली नाही. २०२३ मध्ये नॅनो डीएपी आले. २०२४ मध्ये नॅनो जस्त आणि नॅनो तांबे यांनाही मान्यता मिळाली. उद्या नॅनो बुरशीनाशके, नॅनो कीटकनाशके येतील. एका बाटलीचा प्रश्न आज नीट विचारला नाही, तर पुढल्या दहा बाटल्या त्याच वाटेने आत येतील.

या प्रयोगांवरून एवढेच ठरते, पण ते पक्के ठरते : मोठ्या कणाचा जुना दाखला नॅनो कणाला चालत नाही. युरिया साठ वर्षे वापरतो आहोत, तांबे शंभर वर्षे वापरतो आहोत, हे उत्तर पुरेसे नाही. नव्या कणाची परीक्षा नव्याने द्यावी लागेल.

युरोपात काय झाले पाहा. हाच टिटॅनियम डायऑक्साइड तिकडे मिठाईला पांढरा रंग देण्यासाठी वापरत. त्यात काही वाटा नॅनो कणांचा असतो. मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितले की हा पदार्थ पेशीतल्या जनुकांना इजा करणार नाही अशी खात्री आता देता येत नाही. कोणी मेले असे नाही, फक्त खात्री देता येत नाही. एवढ्यावर २०२२ मध्ये खाण्यातला त्याचा वापर बंद झाला. तिकडच्या पोरांच्या मिठाईला जी कसोटी लागते, ती इकडच्या फवारणाऱ्या मजुराला का लागू नये?

फवारणाऱ्याचे नाक

पोत्यातला युरिया आपण हाताने झाडाच्या बुंध्याशी टाकत आलो. तो नाकात जात नव्हता. बाटली मात्र फवारावी लागते. खताचे काम आता पंपावर आले, आणि पंप कोणाच्या पाठीवर असतो?

२०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, पंप जोराचे होते, औषधांची मिसळण होती, अंगावर धड सदरा नव्हता. त्या औषधांचा आणि नॅनोचा संबंध नाही. पण तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. ज्या कागदावर 'सुरक्षित' लिहिलेले असते तो कागद हातमोजे, चष्मा आणि मुखवटा गृहीत धरून लिहिलेला असतो. आणि आपल्याकडचा मजूर आश्विनातल्या उन्हात उघड्या तोंडाने, कपाशीच्या रानात, वाऱ्याच्या तोंडावर फवारत असतो.

पंपातून नॅनो कण सुटे उडत नाहीत, पाण्याचे थेंब उडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण थेंब उन्हात वाळल्यावर काय उरते? नॅनो खत कीटकनाशकाबरोबर एकाच पंपात मिसळता येते असा प्रचार होतो. मिसळल्यावर त्या कीटकनाशकाचा स्वभाव तोच राहतो काय? हे कपाशीच्या रानात, आपल्या पंपांनी, आपल्या उन्हात तपासल्याचा कागद दुकानातल्या बाटलीबरोबर आम्हाला कोणी दिलेला नाही.

दोन्हीपैकी एक

आता मूळ सवाल. बाटलीत नॅनो कण आहेत की नाहीत?

आहेत म्हणत असाल, तर त्या कणांची पूर्ण परीक्षा दाखवा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली शेतीतल्या नॅनो वस्तूंच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. चाचण्या त्याप्रमाणे झाल्या असे सांगतात. झाल्या असतील. मग लपवायचे काय? कोणत्या जनावरावर झाल्या, किती दिवस, नर किती, माद्या किती, तोंडाने दिले की हुंगवले, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांत काय दिसले, हे मराठीत छापा आणि दुकानात लावा.

कण नाहीत, पाण्यात विरघळलेला साधा युरियाच आहे म्हणत असाल, तर भीती संपली. पण मग वीस ग्रॅम नत्राचे २४० रुपये घेतले ते कशाचे? साधा युरिया पाण्यात विरघळवून फवारायला कोरडवाहू शेतकऱ्याला कोणाची बाटली लागत नाही.

विकताना नॅनो आणि जाब देताना साधा युरिया, हे चालणार नाही.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

जिल्ह्याच्या बैठकीत पुढील ठरावांवर चर्चा व्हावी, अशी आमची सूचना आहे.

१. पोत्याबरोबर बाटलीची सक्ती ताबडतोब बंद व्हावी. अशी सक्ती करू नका असे केंद्र सरकारने वेळोवेळी बजावलेले आहे. ज्या दुकानात सक्ती होईल तिथे पक्की पावती मागावी आणि लेखी तक्रार कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. तोंडी तक्रारीला दप्तरात जागा नसते.

२. प्रत्येक नॅनो बाटलीवर कणाचा आकार, कणावरचे आवरण आणि इतर घटक मराठीत छापलेले असावेत.

३. बाजारात विकला जातो त्याच मालाच्या, नर आणि मादी दोन्हींवर केलेल्या, तोंडावाटे आणि श्वासावाटे अशा दोन्ही चाचण्यांचे पूर्ण अहवाल खुले करावेत. सारांश नको, पूर्ण अहवाल.

४. अकोला, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी कोरडवाहू कपाशी आणि ज्वारीवर स्वतंत्र प्रयोग करावेत. खर्च विकणाऱ्याने करू नये, आणि निकाल काहीही लागो, तो छापावा.

५. फवारणी करणाऱ्या मजुरांची आणि शेतकऱ्यांची हंगामाआधी व हंगामानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात फुप्फुस, यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी व्हावी.

हे होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. ज्यांच्या घरात बाटली येऊन पडलीच आहे आणि ज्यांना ती वापरून पाहायची आहे, त्यांनी सगळ्या रानात मारू नये. एका रानाचे दोन सारखे तुकडे करा. एकात नेहमीचा युरिया द्या, दुसऱ्यात निम्मा युरिया आणि बाटली. कपाशीची वेचणी आणि ज्वारीचे दाणे वेगवेगळे तोला आणि वहीत लिहा. बाटली कीटकनाशकात मिसळू नका. वारा पाठीशी घेऊन, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा. साध्या रुमालाने एवढे बारीक कण अडत नाहीत, तेव्हा 'एन-९५' म्हणतात तसा मुखवटा घ्या. करोनाच्या साथीपासून तो तालुक्याला औषधांच्या दुकानात मिळतो. पंप मजुराच्या पाठीवर असेल तर मुखवट्याचा खर्च मालकाने करावा.

पुढल्या बैठकीला येताना आपापल्या वह्या घेऊन या. वीस गावांतल्या वीस वह्या एकत्र झाल्या, तर त्या घेऊन आपण विद्यापीठात जाऊ आणि विचारू, आमचे आकडे हे आहेत, तुमचे कुठे आहेत?